साडेबाराची भूक

"भूक किती वाजता लागते?" हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला तेव्हा मी ३४ वर्षांची होते. उंची १५८ सेंटीमीटर, वजन ९४.२ किलो. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत वजनावरून मला काय काय नाही विचारलं गेलं! काय खातेस, किती खातेस, चालतेस का, थायरॉईड तपासलंस का, लग्नाचं काय. वेळ मात्र कुणी विचारली नव्हती. विचारणाऱ्या बाई दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरातल्या एका हानीवॉनच्या, म्हणजे पारंपरिक कोरियन वैद्यकाच्या दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर. मी म्हटलं, "रात्री." त्यांनी लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "रात्री किती वाजता?"

मला सांगता येईना.

मी मूळची गडहिंग्लजची. शिवाजी विद्यापीठात पीएचडी केली आणि २०१८ मध्ये पोस्टडॉक म्हणून इथे आले. कोल्हापूरहून कोरियात संशोधनाला येणाऱ्यांची वाट जुनी आहे. आमचे सीनियर आधीपासून इथे होते, त्यांनीच विमानतळावरून खोलीवर आणून सोडलं. ऊर्जा साठवणाऱ्या पदार्थांवर काम, दिवस प्रयोगशाळेत, रात्रीही बऱ्याचदा तिथेच. आले तेव्हा वजन ७१ होतं. पाच वर्षांत २३ किलो वाढलं, त्यातलं बहुतेक शेवटच्या दोन वर्षांत.

जानेवारी २०२३ च्या तपासणीत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३७.७ आला. कोरियात २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात आणि ३५ च्या पुढे तिसरी, म्हणजे सगळ्यात वरची पायरी. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, ६.१. यकृतावर चरबी. तिथले डॉक्टर सरळ आणि सभ्यपणे बोलले. म्हणाले, पोटाची शस्त्रक्रिया करता येईल, ३५ च्या वर बीएमआय असेल तर जानेवारी २०१९ पासून सरकारी आरोग्य विम्यात बसते. मी सहा महिन्यांची मुदत मागितली. शस्त्रक्रियेला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. भीती एवढीच होती की पोट लहान करून घेईन, पण त्या पोटात जे चाललंय ते तसंच राहील. तेव्हा हे इतक्या स्पष्ट शब्दांत कळत नव्हतं, आता लिहिताना कळतंय.

मग मी एक चूक केली, आणि ती मुद्दाम सविस्तर लिहिते. वजन उतरवायचा काढा देणारा एक दवाखाना शोधला. दहा मिनिटांत सगळं उरकलं. अंगातली चरबी मोजणाऱ्या इनबॉडीच्या यंत्रावर उभं केलं, एक कागद भरून घेतला, पैसे घेतले आणि तिसऱ्या दिवशी काढ्याच्या पाकिटांचं खोकं घरपोच आलं. पहिल्या आठवड्यात साडेतीन किलो कमी! मी हरखून गेले. दुसऱ्या आठवड्यात रात्र रात्र टक्क जागी, तोंडाला कोरड, बसल्या जागी छातीत धडधड. एका पहाटे घड्याळ लावून नाडी मोजली तर ११८. फोन केला तेव्हा पलीकडून सांगितलं, होतं असं, पाणी जास्त प्या. मी उरलेली पाकिटं सिंकमध्ये ओतली. तीन आठवड्यांत उतरलेलं सगळं परत आलं.

त्या काढ्यात काय होतं ते मला नंतर समजलं. माह्वांग, म्हणजे एफेड्रा या झुडपाच्या काड्या. त्यात एफेड्रिन असतं. भूक मरते, अंग तापतं, घाम येतो, आणि त्याबरोबर हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही चढतो. अमेरिकेने २००४ साली एफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. कोरियात ते खाण्याच्या पदार्थात घालता येत नाही, फक्त औषध म्हणून देता येतं. नीट तपासून, मोजून देणाऱ्याच्या हातात ते औषध आहे. न तपासता वाटणाऱ्याच्या हातात काय आहे, ते त्या पहाटे मी मनगटावर बोट ठेवून अनुभवलं.

दुसऱ्या दवाखान्यात मला आमच्या विभागाच्या कार्यालयातल्या एका बाई घेऊन गेल्या. मी त्यांना ऑन्नी म्हणते. ऑन्नी म्हणजे ताई. त्यांच्या आईचे गुडघे तिथे बरे झाले होते. मी नको म्हणत होते. ऑन्नी म्हणाल्या, "औषध घेऊ नकोस. नुसती बोलून ये."

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. जिन्यातच वास येतो, उकळत्या मुळ्यांचा आणि जाळलेल्या दवण्यासारख्या पाल्याचा. आजी बाळंतिणीला शेक द्यायची त्या खोलीची आठवण झाली. भिंतीवर एक जुनं चित्र होतं: माणूस एका बाजूने कापून दाखवलेला, मणक्याची रांग, पोटात आतडी लाटांसारखी. 'दोंगइबोगाम' या १६१३ मध्ये छापलेल्या वैद्यकग्रंथातलं ते चित्र. युनेस्कोने २००९ मध्ये हा ग्रंथ जागतिक स्मृतींच्या यादीत घेतला. इथे ही विद्या घरगुती नुस्क्यांची नाही. सहा वर्षांचा अभ्यास, मग राष्ट्रीय परीक्षा, तेव्हा हानीसा, म्हणजे कोरियन वैद्यकाचा डॉक्टर होता येतं. १९५१ च्या कायद्यापासून दोन्ही वैद्यकं शेजारी-शेजारी उभी आहेत. आपल्याकडचे बीएएमएस डोळ्यासमोर आणा, बरंच जुळेल.

प्रमुख डॉक्टरांना इथे वॉनजांगनीम म्हणतात. या साधारण पंचावन्नच्या, केस आखूड, आवाज खालचा. त्यांनी आधी माझ्या तपासण्यांचे कागद वाचले, सगळे. मग दोन्ही मनगटं पुढे घ्यायला सांगितली. तीन बोटं, तीन जागा: छोन, ग्वान, छॉक. आपले वैद्यही तीन बोटांनीच नाडी बघतात, पण हे दोन्ही हातांची वेगवेगळी वाचतात. डावीकडे हृदय, यकृत, मूत्रपिंड असं काहीसं. बराच वेळ गेला. मग जीभ बघितली. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे होते, ते मला आरशात दाखवले. मग आडवं करून पोट दाबलं. छातीच्या हाडाखाली दाबलं तेव्हा मी कळवळले. त्या म्हणाल्या, "इथे अडकलंय." शब्द वापरला सिकजॉक, खाल्लेलं साचून राहणं. दुसरा शब्द दामउम. तो ऐकून मी म्हटलं, हा तर आपला कफ. त्यांना कफ म्हणजे काय ते ऐकायचं होतं. मोडक्या कोरियनमध्ये सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, हे मला फार आवडलं.

मग एक लांबलचक प्रश्नावली. घाम आल्यावर बरं वाटतं की गळून जायला होतं? पाणी गार आवडतं की कोमट? राग आला तर लगेच बोलता की साठवता? ली जे-मा नावाच्या वैद्याने १८९४ मध्ये माणसांच्या चार प्रकृती मांडल्या, त्यांतली माझी निघाली थेउमिन. या प्रकृतीच्या माणसात साठवून ठेवायचा कल जास्त, वजन पटकन चढतं, घाम आला की हलकं वाटतं. मी पदार्थविज्ञानाची माणूस. माणसांच्या चार पेट्या करणं माझ्या गळी पूर्ण उतरत नाही. पण त्या निमित्ताने विचारलेले प्रश्न चांगले होते. राग साठवता का, हे वजनाच्या संदर्भात मला कुणीही विचारलं नव्हतं.

औषधाचं बोलणं शेवटी आलं. धडधडीची हकिगत ऐकून त्यांनी आधी हृदयाचा आलेख आणि रक्तदाबाच्या सात दिवसांच्या नोंदी आणायला सांगितल्या. तोवर काढा नाही. नोंदी ठीक आल्या तेव्हा थेउम-जोवी-थांग या जुन्या काढ्याची चिठ्ठी लिहिली आणि एकेक घटक काचेच्या बरणीतून काढून माझ्या तळहातावर ठेवला. युल्मू नावाच्या धान्याचे दाणे, मोत्यासारखे, मधोमध चीर असलेले. वाळवलेलं चेस्टनट, मुळ्याचं बी, ओमिजाची सुरकुतलेली लाल फळं. आणि शेवटी माह्वांगच्या काड्या, केरसुणीच्या हिरासारख्या. मी हात मागे घेतला. त्या म्हणाल्या, "घाबरणं बरोबर आहे. अगदी थोडं घालते, सकाळी आणि दुपारी दोनच्या आत. धडधडलं तर त्याच दिवशी बंद आणि मला फोन. तीन महिन्यांच्या वर देणार नाही." त्यांनी शब्द पाळला. तीन महिन्यांनी माह्वांग काढलं. दर तीन महिन्यांनी यकृताची रक्तचाचणी मात्र बाहेरच्या दवाखान्यात करून आणायला लावली.

काढा येतो तो साधारण शंभर मिलिलिटरच्या बंद पाकिटांत. गरम पाण्याच्या मगात पाकीट बुडवायचं, कोपरा कापायचा आणि प्यायचं. चव? गुळवेलाच्या काढ्यात चिंचेचं पाणी पडलं तर लागेल तशी. आठवड्यातून दोनदा सुया, म्हणजे ॲक्युपंक्चर. टोचायच्या जागांना नावं आहेत: नाभी आणि छातीचं हाड यांच्या मधोमध जुंगवान, नाभीच्या दोन्ही बाजूंना छॉनछू, गुडघ्याखाली जोकसामनी. पोटावरच्या सुयांना चिमटे लावून बारीक वीज सोडतात, कातडी टिकटिक उडते, वरून लाल दिवा शेकत असतो. कानाच्या पाळीवर खसखशीएवढी टोचणी चिकटपट्टीने लावून देतात. खावंसं वाटलं की ती दाबायची. या सुया लठ्ठपणासाठी घेतल्या तर विमा पैसे देत नाही, काढ्यालाही नाही. महिन्याला मला सगळं मिळून साधारण साडेतीन लाख वॉन पडत होते, पोस्टडॉकच्या पगारात ते जाणवतात. ज्यांना शक्य नाही त्यांना मी हे कर म्हणणार नाही.

पण मला सांगायचं आहे ते काढ्याचं नाही, वहीचं.

पहिल्या दिवशीच त्यांनी एक छोटी वही दिली होती. त्यात काय खाल्लं हे दुसऱ्या रकान्यात. पहिला रकाना वेळेचा, तिसरा "आत कसं होतं" याचा. उष्मांक लिहायचे नाहीत, असं बजावून सांगितलं. तिसऱ्या रकान्यात मी रोज "पेगोपा", भूक लागली, एवढंच लिहायची. मला कोरियन तेवढंच येत होतं. मराठीत लिहायला सांगितलं असतं तर मी पानं भरली असती. आमच्या घराण्यातच जाड हाडं, हॉस्टेलचं खाणं, ताण, प्रयोग फसला. मराठीत मला स्वतःला चुकवण्याच्या शंभर वाटा माहीत आहेत. कोरियनमध्ये एकही नव्हती.

चौथ्या आठवड्यात, मे महिन्यात, त्यांनी वही माझ्याकडे वळवली. लाल पेन्सिलने पहिल्या रकान्यात गोल केले होते. १२.३०. १२.३५. १२.३०. १२.४०. १२.३०. सव्वीस दिवसांतले एकोणीस. रामन, म्हणजे झटपट नूडल्स, भाताचे गोळे, तळलेलं चिकन, एकदा नुसता पाव. रात्री नऊला व्यवस्थित जेवलेली असतानाही.

"साडेबाराला काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, त्या वेळी भूक लागते. आणि म्हणता म्हणताच कळलं. भारतात तेव्हा नऊ वाजतात. कोरिया साडेतीन तास पुढे आहे.

नऊ ही बाबांची जेवायची वेळ होती. बाबा एसटीत कंडक्टर होते, आयुष्यभर ड्युटी संपवून नऊलाच जेवले. निवृत्त झाल्यावरही वेळ तीच. मी इथे आले तेव्हापासून पानावर बसले की फोन लावायचे, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचे आणि पहिला प्रश्न, "जेवलीस काय गं?" मी जेवलेली असायची, पण त्यांना एकट्याने जेवायला बरं वाटायचं नाही. आईची देवघराची आवराआवर आधी, जेवण मागून. म्हणून मीही काहीतरी घेऊन बसायची. सुरुवातीला ताक, चुरमुरे, मग रामनचा पेला. तीन वर्षं आम्ही दोघं असे रोज रात्री एका पंगतीला जेवलो.

मे २०२१ मध्ये बाबा गेले. कोरोनाची दुसरी लाट. विमानं बंद, जाणं-येणं, विलगीकरण, कशाचाच मेळ बसेना. शेवटचं दर्शन फोनवर. दहाव्याला हिरण्यकेशीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भावाने फोन धरला होता, मला फक्त भाताचा ढीग आणि त्याचा हात दिसत होता. आई म्हणाली, "तिचं बोल. जीव तिच्यात असेल." भाऊ मोठ्याने म्हणाला, "बाबा, ताईची काळजी करू नका. ती वेळेवर जेवते." आणि कावळा शिवला.

हे सगळं मी वॉनजांगनीमना सांगितलं. मला कावळ्याचा कोरियन शब्दही येत नव्हता, फोनमध्ये चित्र दाखवलं. पिंडाला शब्द नव्हता, "गेलेल्यांचा भात" असं म्हटलं. त्या मध्ये बोलल्या नाहीत. माझं संपल्यावर एकच म्हणाल्या, "सोगी हॉहान गॉयेयो." म्हणजे सोक हॉ झालंय.

हे दोन शब्द मी तेव्हापासून उराशी धरलेत. सोक म्हणजे आतलं. पोटही सोक आणि मनही सोक. हॉ म्हणजे रिकामं, पोकळ. त्यांच्या वैद्यकातही हा शब्द आहे, शक्ती क्षीण झाली की हॉ. रोजच्या बोलण्यातही लोक म्हणतात, मन हॉ आहे म्हणून खात सुटते. मला मराठी आठवलं. आपलंही तेच नाही का? राग पोटात ठेवतो, चूक पोटात घालतो, माया पोटात असते, दुसऱ्याचं दुःख बघून पोटात तुटतं. बाबांची बातमी आली तेव्हा आई भावाला म्हणाली होती, माझ्या पोटात खड्डा पडला रे. तोच खड्डा मी दोन वर्षं भाताने भरत होते.

आणि भाताला इथे म्हणतात बाप. उच्चार प आणि ब यांच्या मधला, पण मराठी कानाला बापच ऐकू येतो. "बाप मॉगॉस्सॉयो?" म्हणजे जेवलात का. ख्यालीखुशाली विचारायची इथली रीत आहे ही. नवी असताना आम्ही मराठी मुली त्यावर पोट धरून हसायचो. मे २०२१ नंतर रोज दुपारी प्रयोगशाळेत कुणीतरी प्रेमाने मला तेच विचारायचं, आणि मी हातमोजे घालायच्या निमित्ताने खाली बघायची. हेही त्या दिवशी सांगितलं. वॉनजांगनीमनी टिश्यूचा डबा सरकवला, मग स्वतःही एक घेतला.

त्यांच्याकडे सल्लामसलतीला नाव आहे, जिऑन-गोरोन. मूळ चिनी वैद्यकाच्या दोन हजार वर्षं जुन्या 'ह्वांगदी नेइजिंग'मध्ये त्याचे चार भाग येतात. रोग्याला काय बिघडेल ते सांगावं. काय केलं तर भलं होईल ते बोलावं. त्याला जमेल अशा वाटेने न्यावं. आणि जे त्याला दुखतंय ते मोकळं करावं. त्यांनी ते मला चिनी अक्षरांत लिहून दाखवलं. मला वाटलं, आजवर भेटलेले सगळे पहिल्या भागावरच थांबले होते. बिघडेल काय ते सगळ्यांनी सांगितलं, फार तर भलं काय होईल तेही. जमेल अशी वाट आणि दुखणं, तिथवर कुणी पोचलंच नव्हतं. पोचायला वेळ लागतो, हे खरं. आमचं बोलणं दर आठवड्याला चाळीस मिनिटं चालायचं, आणि सुया टोचलेल्या असताना त्या कधी विषय काढायच्या नाहीत. उठून बसल्यावर, कपडे नीट केल्यावर, समोरासमोर.

जमेल ती वाट म्हणजे काय, तर साडेबाराला खाऊ नका असं त्या म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, उभ्याने खाऊ नका. वाटी घ्या, बसा, समोर दुसरी रिकामी वाटी ठेवा. खाल्लं तर चालेल. पहिल्या रात्री मी दोन वाट्या मांडल्या आणि एक घासही घशाखाली गेला नाही. रडले मात्र पोटभर. तिसऱ्या रात्री खाल्लं. दहाव्या-बाराव्या रात्रीपासून भाताची खरपुडी पाण्यात उकळून, सुंग्न्युंग म्हणतात त्याला, ते पेलाभर पिऊन झोपू लागले.

बाबांची तिथी जवळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्यात काय करतात? कोरियन लोक जेसा करतात, गेलेल्या माणसासाठी ताट मांडतात आणि भाताच्या वाटीत चमचा उभा खोवतात, म्हणजे त्यांना जेवता यावं. मी म्हटलं, आमच्यात पान वाढून कावळ्याला ठेवतात. त्या वर्षी पहिल्यांदा मी इथे पान वाढलं. वरण-भात, मेथीची भाजी मिळाली नाही म्हणून पालक, तांदळाची खीर. मुदूंगसान डोंगराच्या पायथ्याशी जंगशिमसा देवळाच्या वाटेवर ओढा आहे, तिथल्या दगडावर ठेवलं. थांबले नाही.

वजनाचं सांगते. पहिल्या महिन्यात ३.८ किलो उतरलं, तीन महिन्यांत ८६ वर आले. मग काढ्यातलं माह्वांग निघालं आणि काटा अडला. चार महिने ८४-८५. दिवाळीत दोन किलो परत चढलं, मी दवाखान्यात जायचं दोन आठवडे टाळलं, कारण लाज. वॉनजांगनीमनी स्वतः फोन करून बोलावलं आणि वजनकाट्यावर उभंच केलं नाही. "आज फक्त सुया," म्हणाल्या. हिवाळा सरल्यावर चालणं वाढवलं. शहरातून जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी केलेली एक लांब बाग जाते, सुमारे आठ किलोमीटर, आधी दोन किलोमीटर, मग चार, शेवटी सगळी. चौदा महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, ७९.४ किलो. बीएमआय ३१.८. एचबीएवनसी ५.६. अजूनही मी कोरियाच्या मोजमापात लठ्ठच आहे, दुसऱ्या पायरीवर. शस्त्रक्रियेची गरज सध्या नाही, असं माझे नेहमीचे डॉक्टरही म्हणाले. यातलं किती काढ्याने झालं, किती सुयांनी, किती चालण्याने आणि किती बोलण्याने, हे मला वेगळं काढता येत नाही. प्रयोगशाळेत मी एका वेळी एकच गोष्ट बदलते. इथे सगळ्या एकदम बदलल्या. पण ते अडलेले चार महिने माह्वांगशिवाय गेले आणि साडेबाराची भूक तरीही परत आली नाही, एवढं मी ठामपणे सांगू शकते.

भारतातून मैत्रिणी विचारतात, तो काढा पाठवशील का. नाही पाठवणार. ज्याला नाडी न बघता, रक्तदाब न मोजता कुणी एफेड्राचा काढा देतो, त्याच्या वाटेने मी गेले होते. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉईड वाढलेलं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर हे औषध जिवावर बेतू शकतं. तुमच्या गावातल्या ज्या डॉक्टरकडे, वैद्याकडे, समुपदेशकाकडे बसून बोलता येतं त्याच्याकडे जा, आणि वही न्या. पहिला रकाना वेळेचा करा.

एक गोष्ट राहिली. त्या मे महिन्यातल्या बैठकीच्या शेवटी, मी पर्स उचलली होती तेव्हा, वॉनजांगनीमनी विचारलं, "आई रात्री कुणाबरोबर जेवतात?"

मी उभीच राहिले. भाऊ पुण्याला नोकरीला. आई एकटी. बाबा गेल्यापासून तिचा रात्रीचा फोन कधी आलाच नव्हता. ती सकाळी फोन करते, दूधवाला, लाईट बिल, शेजारच्यांचं लग्न, असलं बोलते. नऊ ही बाबांची वेळ होती. तिनेही ती तशीच सोडली होती, मोकळी.

रात्री साडेबारा मला परत चालू करायचं नव्हतं. म्हणून मी इथल्या संध्याकाळी सातला, जेवायला बसताना फोन लावला. तिकडे दुपारचे साडेतीन. आई चहा टाकत होती. दचकलीच, म्हणाली काय झालं? मी म्हटलं काही नाही, जेवायला बसलेय, तू चहा घेऊन बस. दोन-तीन दिवस ती उगाच घाईघाईने बोलायची, आयएसडीचे दिवस असल्यासारखी. मग तिला सवय झाली. स्टुलावर फोन टेकवते, बशीत चहा ओतून घेते, फुंकर मारलेली ऐकू येते.

जुलैतली गोष्ट आहे. मी फोन लावला, ताट पुढ्यात, भात मोजून एक वाटी. आईने फोन उचलला, पण काही बोलेना. पदराने तोंड पुसल्यासारखं केलं. मग बाबांच्याच सुरात, पण हळू, तिने पहिल्यांदा विचारलं,

"जेवलीस काय गं?"

"जेवतेय," मी म्हटलं. "तू चहा घे, निवेल."